मोटार गेली, रिपोर्ट नाही: खेड्यात गुन्ह्याचा गुणात्मक अभ्यास कसा करावा

एम.एस.डब्ल्यू.च्या एका विद्यार्थ्यानं मागच्या वर्षी माझ्या टेबलावर साठ भरलेल्या प्रश्नावल्या आणून ठेवल्या. विषय होता वावरातल्या चोऱ्या. विहिरीवरच्या मोटारी, केबल, ठिबकच्या नळ्या, वेचून ठेवलेला कापूस, असं सगळं. 'पोलिसांवर विश्वास आहे का?' या प्रश्नापुढे साठच्या साठ जणांनी 'होय' म्हटलं होतं. 'गेल्या तीन वर्षांत चोरी झाली का?' यापुढे एक्कावन्न वेळा 'नाही'. टक्केवारी काढून झाली होती, पोरगा खूश होता. मी विचारलं, फॉर्म भरायला बसला कुठं होतास? म्हणाला, पोलीस पाटलांच्या ओसरीवर, त्यांनीच सगळ्यांना बोलावून घेतलं.

ते साठ फॉर्म आम्ही फेकले नाहीत. पोलीस पाटलासमोर माणूस काय बोलतो, याचा तो चांगला पुरावा आहे. पण चोरीबद्दल त्यात काहीच नव्हतं. पुढच्या सहा महिन्यांत त्याच गावात आम्ही नव्यानं काम केलं, फॉर्म न घेता. खाली लिहिते आहे ते बरंचसं त्या कामातून आणि त्याआधीच्या माझ्या चुकांतून आलेलं आहे. समाजकार्य, समाजशास्त्र, विधी किंवा पत्रकारितेचे जे विद्यार्थी विदर्भातल्या खेड्यात असं काम करणार आहेत, त्यांना उपयोगी पडावं.

आधी प्रश्न नीट करा

'कोणी केलं?' हा ठाणेदाराचा प्रश्न आहे. तो तुम्ही विचारलात की गाव तुम्हाला खबरी समजणार, आणि ते बरोबरच आहे. आपला प्रश्न वेगळा: घडलेली गोष्ट गुन्हा म्हणून कागदावर येते कशी, आणि येत नाही तेव्हा वाटेत कुठं अडते?

कारण कशाला गुन्हा म्हणायचं हे गावागणिक, कधीकधी नदीच्या काठागणिक बदलतं. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून २०२१ पर्यंत दारूबंदी होती. त्या काळात वर्धा नदीच्या अलीकडे, यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत दुकानातून राजरोस घेतलेली बाटली पूल ओलांडला की मुद्देमाल व्हायची. बाटली तीच, माणूसही तोच. तसंच 'चोर बीटी'चं. तणनाशक सहन करणाऱ्या या कपाशीला परवानगी नाही, बियाणं विकणं गुन्हा आहे. तरी जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेनं ते जाहीरपणे पेरलं. नावातच 'चोर' आहे आणि पेरणाऱ्याला चोरी केल्यासारखं वाटत नाही. अशा जागी आकडे फारसं सांगत नाहीत, माणसांशी बोलावं लागतं.

प्रश्न एका वाक्यात मावला पाहिजे आणि त्यात 'कसं' असावं. 'विदर्भातील ग्रामीण गुन्हेगारी: एक अभ्यास' हा प्रश्न नव्हे, तो पुठ्ठ्यावर छापायचा मजकूर आहे. आमचा प्रश्न शेवटी असा झाला: मोटार चोरीला गेलेला शेतकरी ठाण्यात जायचं की नाही हे कसं ठरवतो? एक तालुका, एक प्रकारची चोरी, एक निर्णय. पहिल्या कामाला एवढं पुरे. खून, बलात्कार, जादूटोण्याच्या संशयावरून झालेली मारहाण हे विषय पहिल्या खेपेला घेऊ नका. तिथं तुमच्या एका चुकीची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते.

गावात जाण्यापूर्वी कागद वाचा

कागदांत खरं शोधायला जाऊ नका. कागद कसा तयार होतो ते बघा.

२०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिल्यापासून, संवेदनशील प्रकरणं वगळता, एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावे लागतात. तुमच्या ठाण्याचे दोन वर्षांचे चोरीचे एफआयआर उतरवून घ्या आणि एका बैठकीत सलग वाचा. सलग वाचलं की भाषा दिसायला लागते. 'अज्ञात चोरट्याने', 'नेहमीप्रमाणे शेतात गेलो असता', 'किंमत अंदाजे'. फिर्यादी असं बोललेला नसतो, लिहिणारा असं लिहितो. दहा फिर्यादींत तेच वाक्य सापडलं तर ते दहा शेतकऱ्यांचं नाही, एका लेखनिकाचं आहे.

त्यातल्या 'किंमत अंदाजे' या दोन शब्दांवर थोडं थांबते. जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली. तिच्याबरोबर आलेल्या, तपासाची आणि खटल्याची रीत ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीप्रमाणे पाच हजार रुपयांहून कमी किमतीच्या मालाची चोरी अदखलपात्र आहे. म्हणजे दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. आता विचार करा: जुनी केबल, घासलेला स्टार्टर, बापाच्या वेळची मोटार. त्याची किंमत ठाण्यात कोण ठरवतं? चार हजार आठशे लिहिली तर नुसती नोंद होऊन हातात कागद येतो, पाच हजार दोनशे लिहिली तर एफआयआर. या एका आकड्यावर ठाण्याच्या टेबलाशी काय बोलणं होतं, हे कुठल्याही अहवालात सापडणार नाही. ते विचारायलाच तुम्ही गावात जाता आहात.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे शेवट, पोलीस प्रकरण काय म्हणून बंद करतात ते. आपल्याकडे 'अ समरी' म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही, 'ब समरी' म्हणजे फिर्याद खोटी, 'क समरी' म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाचा. मोटारचोरीची किती प्रकरणं 'अ' मध्ये जातात याची माहिती अधिकारातून विचारणा करता येते. उत्तराला वेळ लागतो, म्हणून पहिल्याच आठवड्यात अर्ज टाका.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा वार्षिक अहवाल पाहा, पण त्यात गाव दिसत नाही. शिवाय एका प्रकरणात अनेक कलमं असली तर मोजणी सगळ्यात गंभीर कलमाचीच होते. धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या मारामारीत कुणाचा जीव गेला तर तिथं खून मोजला जातो, धुरा कुठंच येत नाही.

वचन देण्याआधी कायदा समजून घ्या

'तुम्ही सांगाल ते गुपित राहील' असं आम्ही सर्रास म्हणतो. भारतात संशोधकाला असं वचन पाळण्याचं कायदेशीर संरक्षण नाही. वकिलाला आहे, तुम्हाला नाही. पोलीस तुम्हाला साक्षीदार म्हणून बोलावू शकतात, वही आणि रेकॉर्डिंग मागवू शकतात. अमेरिकेत रिक स्कार्स नावाच्या समाजशास्त्राच्या संशोधकानं १९९३ मध्ये, आपण ज्यांचा अभ्यास केला त्यांच्याबद्दल साक्ष द्यायला नकार दिला आणि १५९ दिवस तुरुंगात काढले. तुमची तेवढी तयारी नसेल तर वचन लहान द्या.

त्यावर आम्ही काढलेला उपाय साधा आहे: माहितीच घ्यायची नाही. मुलाखतीच्या सुरुवातीला मी हे जवळजवळ पाठ केल्यासारखं म्हणते, "भाऊ, कोणाचं नाव सांगू नका. 'एक जण' म्हणा. तारीख सांगू नका, 'कापूस वेचणीच्या वेळी' म्हणा. नाव घेतलंत तर मी ते लिहिणार नाही, रेकॉर्डिंगमधूनही काढून टाकीन." पहिल्यांदा हे विचित्र वाटतं. दुसऱ्या मिनिटाला समोरचा सैल होतो, कारण नाव सांगावं लागेल हीच त्याची भीती असते.

दोन ठिकाणी मात्र गप्प राहता येत नाही. अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते कळवावंच लागतं, न कळवणं हाच गुन्हा आहे. आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३ मध्ये काही गंभीर गुन्ह्यांची यादी आहे, त्यात खून आणि दरोडा आहेत. त्यांची माहिती असेल तर ती देणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. साधी चोरी त्या यादीत नाही. हे दोन अपवाद मुलाखतीआधीच सांगा, मध्येच थांबवून नव्हे.

संमतीपत्राचं काय करायचं? विद्यापीठाची समिती सही किंवा अंगठा मागते. ज्या भागात सावकारानं कोऱ्या कागदावर अंगठे घेतले आणि वावरं गेली, तिथं तुम्ही छापील कागद पुढं करता! माझ्या पहिल्या कामात एका म्हाताऱ्या बाईनं चहा दिला, सगळं सांगितलं, आणि सहीचा कागद काढताच उठून आत गेली. परत आलीच नाही. तेव्हापासून संमती तोंडी घेते, रेकॉर्डरवर, आणि माहितीपत्रक त्यांच्या घरी ठेवून येते. समितीला हे आधीच कारणांसह लिहून द्या, बहुतेक वेळा मान्य होतं.

गावात शिरताना

पोलीस पाटलाला डावलता येत नाही आणि त्याच्या बरोबर फिरताही येत नाही. १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाखाली नेमलेला हा माणूस गावात कोण नवं आलं यावर लक्ष ठेवतो, ते त्याचं कामच. म्हणून पहिल्या दिवशी ग्रामपंचायतीत पत्र द्या, पोलीस पाटलाला उभ्या उभ्या भेटा, काय करणार ते सांगा आणि निघा. त्याची गाडी नको, त्याच्याकडं जेवण नको. ज्या ठाण्याचे एफआयआर वाचलेत त्या ठाणेदाराला पत्र दिलं तरी पोलिसांच्या गाडीतून गावात उतरू नका. एकदा उतरलात की विषय संपला.

गाव म्हणजे एक वस्ती नव्हे. मुख्य गावठाण, बौद्धपुरा, यवतमाळकडं गेलात तर कोलामांचं पोड, कुठं गावाबाहेर पारधी बेडा. तुम्ही पहिला चहा कुठं घेतला हे दुपारपर्यंत सगळीकडं कळतं. नावानंतरचा पुढचा प्रश्न 'आडनाव काय?' हाच असतो, आणि त्यावरून कोण तुमच्याशी काय बोलेल हे निम्मं ठरून जातं. तुमच्या आडनावाचा अडसर कुठं होतो ते डायरीत प्रामाणिकपणे लिहा. शक्य असेल तर दोघांची जोडी करा, वेगळ्या समाजातली, एक मुलगी एक मुलगा.

बेड्याबद्दल जरा सविस्तर, कारण इथं सगळ्यांत जास्त नुकसान होतं. चोरीचा विषय काढला की दहातले बरेच जण हात बेड्याकडं करतात. हा पुरावा समजू नका. संशय कुठल्या वाटेनं जातो त्याची ही नोंद आहे, आणि तशीच लिहा. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं काही जमातींना जन्मानं गुन्हेगार ठरवलं, तो १९५२ ला रद्द झाला, पण बोट अजून तिकडंच जातं. बेड्यावर जायचं तर 'चोरांची बाजू' घ्यायला जाऊ नका. आसपास चोरी झाली की त्या रात्री तुमच्याकडं काय होतं, एवढं विचारा. एका बाईनं आम्हाला सांगितलं की जवळच्या गावात मोटार गेल्याचं कळलं की तिचा नवरा दोन दिवस नातेवाइकांकडं निघून जातो. पळून गेला म्हणून संशय वाढतो, संशय आहे म्हणून तो पळतो. एफआयआरमध्ये यातला पहिला भाग कधीतरी येतो, दुसरा कधीच नाही.

आणखी एक गोष्ट. आपली गावं प्रश्न विचारणाऱ्यांना कंटाळलेली आहेत. शेतकरी आत्महत्यांवर इतके फॉर्म भरून घेतले गेलेत की 'अनुदान भेटते काय?' हा प्रश्न तुम्हाला पहिल्या पाच मिनिटांत येणार. नाही भेटत, असं स्पष्ट सांगा. 'पुढे काहीतरी होईल' असं मोघम बोलू नका.

वेळ हंगाम पाहून ठरवा. पेरणीत आणि वेचणीत कोणाला सवड नसते. रब्बीत रात्रीची लाईन असली की माणसं रात्री ओलीत करतात, डुकरांसाठी जागलीवर असतात, दिवसा झोपलेली असतात. आमच्या सगळ्यांत चांगल्या गप्पा जागलीच्या मचाणाखाली, शेकोटीशी झाल्या. मुली जाणार असतील तर शेवटची एसटी आणि मुक्कामाचं घर आधी पक्कं करा, मग बाकीचं.

विचारायचं कसं

'तुम्ही तक्रार का नाही केली?' या प्रश्नात आरोप आहे. माणूस लगेच बचावात जातो: "आपल्याले कोर्टकचेरी नाई जमत म्याडम." झालं, मुलाखत संपली. त्याऐवजी एकच वाक्य: "मोटार गेल्याचं कळलं, त्या सकाळपासून सांगा." आणि मग गप्प. मधे फक्त 'मग?' आणि 'म्हणजे कसं?' एवढं पुरतं. गप्प राहणं शिकायला मला दोन वर्षं लागली, अजून पूर्ण जमत नाही.

रेकॉर्डर आल्या आल्या काढू नका. दुसऱ्या भेटीत विचारा, नाही म्हटलं तर ठेवून द्या. वहीही सारखी समोर नको. लग्नात, पोळ्याच्या दिवशी, पानठेल्यावर तर अजिबात नाही. पोळ्याला झडत्या म्हणतात ना, त्या कान देऊन ऐका; सावकारावर, पुढाऱ्यावर वर्षभर मनात ठेवलेलं तिथं जाहीर निघतं आणि कोणी कोणाला धरत नाही. ऐकलेलं त्याच रात्री, झोपण्याआधी लिहा. सकाळपर्यंत निम्मं जातं, आणि उरलेलं निम्मं तुमच्या भाषेत बदललेलं असतं.

लिहिताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवा: काय दिसलं, काय ऐकलं, मला काय वाटलं. पानाच्या उजवीकडं समास सोडून 'वाटलं' तिथं लिहिते. 'तो घाबरला होता' हे दिसलेलं नव्हे. 'बोलताना तीन वेळा रस्त्याकडं पाहिलं, जीप गेली तेव्हा थांबला' हे दिसलेलं.

कोणाशी बोलायचं? ज्यांची मोटार गेली ते तर आलेच, रिपोर्ट दिलेले आणि न दिलेले असे दोन्ही. पण खरी माहिती कडेच्या माणसांकडं असते. मोटार वाइंडिंग करणाऱ्याला ठाऊक असतं की कुठल्या गावातून अचानक नव्या मोटारीची विचारणा वाढली. कोतवालाला गाव रात्री कसं असतं ते ठाऊक असतं. बीट जमादाराशी बोला, आणि त्याला न्याय द्या: चाळीस-पन्नास गावं, हाताशी दोन माणसं, वर बंदोबस्त. तोही काहीतरी मोजतच निर्णय घेतो. भंगारवाल्याकडं मी विद्यार्थ्यांना एकट्यानं पाठवत नाही. गेलातच तर तांब्याचा भाव कसा ठरतो एवढंच विचारा.

गटचर्चा गुन्ह्याच्या विषयाला क्वचितच चालते. चारचौघांत माणूस गावाची अब्रू राखतो. 'आमच्या गावात तसं काही नाही' हे वाक्य गटात सगळ्यांत लवकर येतं. बायकांचा बचत गट याला अपवाद ठरला. विषय मोटारीचा असताना त्यांनी तो दारूकडं नेला, आणि दारूकडून रात्री उशिरा घरी कोण येतं तिकडं. आम्ही अडवलं नाही. एकदा तरण्या पोरांकडून जमिनीवर चुन्यानं गावशिवाराचा नकाशा काढून घेतला: पांदण, नाला, विहिरी, कुठून मोटार गेली. काम झकास झालं. मग एकानं फोटो काढून गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायला घेतला, तेव्हा लक्षात आलं की कुठल्या विहिरीवर राखण नाही याचा नकाशा आपण चोराला तयार करून देतो आहोत. पाणी टाकून पुसला. तसले नकाशे वहीत, हातानं, गावाचं नाव न टाकता.

किती मुलाखती? पदव्युत्तर प्रबंधाला पंधरा चांगल्या मुलाखती पुरतात, प्रत्येकाशी दोन भेटी धरून. चौदावा माणूस नवीन काही सांगत नाही असं वाटलं तर आणखी एक अशी व्यक्ती शोधा जी सगळ्यांपेक्षा वेगळी वागली. आमच्या तालुक्यात अशी एक विधवा बाई होती. तिनं तीन वेळा ठाण्यात जाऊन रिपोर्ट लिहून घेतलाच. बाकी चौदा जणांचं वागणं तिच्यामुळं उलगडलं: तिला गावात मधला माणूसच नव्हता, तिच्या बाजूनं 'थांब, भेटते', म्हणजे मिळेल परत, असं म्हणणारं कोणी नव्हतं.

एक उतारा जवळून

विश्लेषण म्हणजे काय हे सांगण्यापेक्षा दाखवते. उतारा बोलला तसाच ठेवला आहे. वऱ्हाडी 'सुधारून' प्रमाण मराठीत लिहू नका, अर्थ त्या शब्दांतच असतो.

"सकायी वावरात गेलो, तं हिरीवर मोटार नाई. पायप कापेल. पयले मले वाटलं का भावानंच काढून नेली असन, आमचं धुऱ्याचं चालू हाय. मंग पोलीस पाटलाले सांगतलं. थो म्हने, दोन दिवस थांब, भेटते. दोन दिवसानं ठान्यात गेलो, तं जमादार म्हने बिल आना. बिल कुठून आनू? मोटार माह्या बापानं घेतली होती. दोन चकरा झाल्या, दोन दिवसाची मजुरी गेली. मंग म्या म्हनलं, जाऊ दे."

छापून घ्या, डावीकडं रुंद समास ठेवा, पेन्सिलीनं प्रत्येक वाक्याला दोन-तीन शब्दांचं नाव द्या. पहिल्या खेपेला मी लिहिलं: 'आधी घरातला संशय', 'जुनं भांडण', 'मधला माणूस', 'थांबायला सांगणं', 'कागद मागणं', 'चकरा मोजणं', 'सोडून देणं'. नावं शक्यतो त्यांच्याच शब्दांतली असू द्या. 'चकरा' हा शब्द 'प्रक्रियात्मक अडथळे' पेक्षा कितीतरी जास्त सांगतो.

मग प्रश्न विचारत परत वाचा. चोर बाहेरचा असेल हे त्याच्या मनात पहिल्यांदा आलंच नाही, भाऊ आला. म्हणजे रिपोर्ट दिला आणि भावाचं निघालं तर? 'दोन दिवस थांब, भेटते' यात कोणाला भेटते, कोणाकडून, याचा उल्लेख नाही. आपल्याकडं 'भेटते' म्हणजे मिळते, पण परत मिळवून देणारा कोणीतरी आहे हे पोलीस पाटलाला ठाऊक आहे का? हे मी लिहून ठेवलं, विचारलं नाही. विचारलं असतं तर पुन्हा 'कोणी केलं'कडं गेले असते. आणि 'जाऊ दे' शेवटी आलं, मजुरीचा हिशेब झाल्यावर. ओसरीपासून दूर भरलेल्या प्रश्नावलीत त्यानं फार तर 'पोलिसांवर विश्वास नाही' या चौकटीत खूण केली असती. इथं दिसतं की तो ठाण्यापर्यंत गेला होता, एकदा नव्हे दोनदा.

अशा पाच-सहा मुलाखती झाल्या की नावांच्या चिठ्ठ्या करून जमिनीवर पसरा आणि एकत्र काय येतं ते बघा. संगणकावर साध्या तक्त्यातही होतं, त्यासाठी महागडी प्रणाली लागत नाही. आमच्या चिठ्ठ्यांत क्रम दिसू लागला: घर, मधला माणूस, वाट पाहणं, ठाणं, कागद, हिशेब. बहुतेक गोष्टी तिसऱ्या पायरीवर विरतात. दोन दिवस थांबायला सांगितल्यानं माग निघून जातो, आणि मग ठाण्यात 'उशीर का केला?' हा प्रश्न येतो. रिपोर्ट उशिरा का होतात याचं एक उत्तर एफआयआरच्या 'विलंबाचे कारण' या रकान्यात कधीच का लिहिलं जात नाही, ते इथं कळलं. तिथं पोलीस पाटलाचं नाव कोण घालणार?

एक शब्द आम्ही जवळजवळ हुकवला होता. आमच्या टिपणांत सगळीकडं 'चोरी' होतं, मुलाखतींत जवळपास कुठंच नाही. ते म्हणतात 'मोटार गेली'. ढोर जातं, पीक जातं, तशी मोटार जाते. 'चोरली' म्हटलं की कर्ता लागतो.

नावं लपवणं

गावाचं नाव बदललं, माणसाला 'शेतकरी क्रमांक ७' केलं, झालं, असं वाटतं. नाही होत. माझ्या एका जुन्या अहवालात मी लिहिलं होतं, 'नाल्याकाठी तीन एकर असलेला, मुलगा सैन्यात असलेला शेतकरी'. गावातल्या शिक्षकानं वाचलं आणि दहा मिनिटांत पानठेल्यावर सगळ्यांना कळलं कोण ते. त्या माणसानं मला काही म्हटलं नाही, पण पुढं कधी घरी या म्हणाला नाही. आता जमीन, मुलांची नोकरी, विहिरीची जागा या गोष्टी बदलते किंवा दोन माणसांचं एक करते, आणि असं केल्याचं प्रस्तावनेत सांगते. परक्यापासून लपवणं सोपं, शेजाऱ्यापासून अवघड. कसोटी शेजाऱ्याची घ्या.

खरी नावं आणि क्रमांक यांची यादी कागदावर एकाच प्रतीत, गावाबाहेर ठेवा. फोनवर नको. रेकॉर्डिंग लिहून काढलं की पुसा आणि पुसल्याची तारीख नोंदवा. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणं तर न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हाच आहे. गाव, नातं, शाळा यांवरूनही ओळख होते हे ध्यानात असू द्या.

परत जाणं

काम झालं की गावात परत जाऊन वाचून दाखवा, पण फक्त असे भाग, ज्यांनी कोणी अडचणीत येणार नाही. आम्ही समाजमंदिरात गेलो. वीस-पंचवीस माणसं होती, पोलीस पाटीलही होते. 'थांबायला सांगणं' हा भाग मी त्या दिवशी वाचला नाही. तो त्यांना आधी एकट्याला जाऊन दाखवला होता. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्याडम, रिपोट देल्ला अन् भावाचंच निंगालं, तं त्या घरात मंग कोन जाईन समजवाले?" तेही अहवालात घातलं.

सभेत कोणी निष्कर्षांबद्दल विचारलं नाही. एका तरुणानं विचारलं, रिपोर्ट द्यायला काय काय लागते ते लिहून देता का? मग तिथंच एक पान लिहिलं. मोटारीवरच्या पाटीचा, क्रमांकाचा फोटो आजच काढून ठेवा. बिल नसेल तर वाइंडिंगवाल्याची पावती, विजेच्या जोडणीचा कागद चालतो का ते विचारा. किंमत सांगताना आज नवी मोटार घ्यायला किती लागतील तेही सांगा. ऑनलाइन तक्रार दिली तर तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. अदखलपात्र नोंद केली तर तसा कागद घ्या, नुसतं तोंडी ऐकून येऊ नका.

ते पान पोलीस पाटलांनीच ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावलं. प्रबंधाची एक प्रत सरपंचांना दिली होती, ती कपाटात आहे.